कूतच्या नकाशात डोंगर नाही, मग फौज अडली कशाने?

खेडची_लेक:

नमस्कार मंडळी,

माझे पणजोबा ११० नंबरच्या मराठा पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले, तुर्कांनी वेढलेलं कूत-अल-अमारा पडल्यावर तुर्कांचे कैदी झाले आणि युद्ध संपल्यावर घरी आले. गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे: या गावातून महायुद्धाला इतके जण गेले, पैकी इतके कामी आले. नावं नाहीत, नुसते आकडे. बाकी मागे राहिल्या त्या आजीने सांगितलेल्या दोन-चार गोष्टी. त्यातल्या एकीवरून घरात अजून वाद होतो. पणजोबा म्हणायचे, "मी कूतात नव्हतो, नदीच्या पल्याड होतो." वडिलांचं म्हणणं, मग ते वेढ्यात नसणारच, बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेत असतील. पण मग कैदी कसे झाले?

पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्या मोहिमेच्या सरकारी इतिहासाचा एक विस्कटलेला खंड मिळाला. मागच्या पुठ्ठ्याला खिसा, खिशात घडीचा मोठा नकाशा. सध्या तो जेवणाच्या टेबलावर पसरलेला आहे आणि घरचे ताटं घेऊन गॅलरीत बसतात.

आता शंका. नदीच्या वळणात कूत आहे, वरच्या बाजूने खंदकांच्या लाल रेघा आहेत, ते कळलं. पण कूतच्या समोर, नदीच्या दुसऱ्या काठाला, नखाएवढा एक चौकोन आहे आणि त्यालाही लाल कड आहे. ते काय?

दुसरं म्हणजे, सोडवायला जाणारी फौज शेख सादपर्यंत पोचली होती. मी पट्टी लावून बघितली, तिथून कूत सरळ रेषेत सत्तावीस-अठ्ठावीस मैल भरतं. जानेवारी ते एप्रिल १९१६, चार महिने गेले तरी एवढं अंतर कापलं गेलं नाही! मध्ये घाट-बीट असता तर समजू शकले असते. इथे एक डोंगर नाही, एक समोच्च रेषा नाही, निम्मा कागद कोराच आहे. मग फौज अडली कशाने?

आणि लाल म्हणजे नेहमी इंग्रजच ना?

प्लेनटेबल_निवृत्त:

ताई, आधी तुमच्या चौकोनाचं सांगतो, कारण त्यात तुमच्या पणजोबांची साक्ष आहे.

त्या जागेला इंग्रज वूलप्रेस व्हिलेज म्हणत. लोकरीच्या गाठी बांधायचं यंत्र तिथे होतं. कूत गाव तैग्रिसच्या डाव्या काठावर, तीन बाजूंनी नदी. समोरचा उजवा काठ शत्रूच्या हाती गेला असता तर पाण्याच्या पलीकडून गावावर अगदी जवळून मारा करता आला असता. म्हणून जनरल टाउनशेंडने ती वस्ती धरून ठेवायला दोन पलटणी पलीकडे बसवल्या: १२० राजपुताना इन्फन्ट्री आणि ११० मराठा. तुमच्या पणजोबांची पलटण. मागे नदी, बाकी सगळीकडे तुर्क, आणि मुख्य छावणीशी संबंध रात्रीच्या अंधारात नावेतून. म्हणजे ते वेढ्यात होते, फक्त कूतात नव्हते. आजीने सांगितलेलं वाक्य शब्दशः बरोबर आहे. वडिलांना दाखवा.

वेढ्यात अडकलेली ती सहावी पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ अशा तिन्ही मराठा पलटणी होत्या, शिवाय खडकीच्या सॅपर्सच्या (लष्करी इंजिनिअरांच्या) कंपन्या. १९१६ साली सातारा-रत्नागिरीच्या किती घरांत कूतच्या बातमीची वाट बघत असतील, विचार करा.

आता फौज कशाने अडली ते. माझी नोकरी सर्व्हे ऑफ इंडियात गेली, बरीचशी तंबूत. नकाशा हाती आला की मी लढाई नंतर बघतो, आधी खालचा समास वाचतो: कोणी मोजलं, कधी मोजलं, कधी छापलं. तुमचा नकाशा युद्ध संपल्यावर, १९२०च्या दशकात छापलेला आहे. त्यात नदीची वळणं, जुने कालवे, तुर्कांचे खंदक सगळं नीटनेटकं आहे. कूत सोडवायला निघालेल्या फौजेचा प्रमुख जनरल एल्मर, त्याच्या हातात हा नकाशा नव्हता! जानेवारी १९१६ मध्ये त्याला यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. तो मुलूख तुर्कांचा, तिथे आपल्यासारखं त्रिकोणी सर्वेक्षण झालेलंच नव्हतं. सुरुवातीला जे हाती होतं त्यात नदीतल्या बोटीवरून केलेल्या जुन्या मोजण्या होत्या, आणि सर विल्यम विलकॉक्स या इंजिनिअरने युद्धाआधी तुर्की सरकारसाठी आखलेल्या पाटबंधाऱ्यांच्या योजनेचे नकाशे. कालवे खणण्यासाठी काढलेल्या नकाशांवर लढाई आखायची वेळ आली. मग आमच्या खात्याची माणसं फौजेबरोबर गेली, प्लेनटेबल (जागेवरच नकाशा काढायची तिपाईवरची फळी) आणि खलाशी (मोजणीचे मदतनीस) घेऊन, आणि जिथे पाय ठेवता येत नव्हता तिथलं विमानातून काढलेल्या फोटोंवरून भरायला लागली. पुढे जसजशी फौज सरकली तसतसा कोरा कागद भरत गेला. त्या मोहिमेत नकाशा फौजेच्या पुढे नव्हता, मागून येत होता.

तुमच्या नकाशात कूतच्या पूर्वेला, नदीच्या उत्तरेला, गवताच्या जुड्यांसारख्या खुणा असतील. ती सुवैकियाची दलदल. खालून तैग्रिस, वरून दलदल, आणि मधे कोरड्या जमिनीची चिंचोळी पट्टी, हन्ना नावाच्या जागी जेमतेम मैल-सव्वा मैल रुंद. तुर्कांनी तेवढीच पट्टी खंदक खणून बंद केली. वळसा घालायला जागाच नाही. २१ जानेवारीला इंग्रजी फौज समोरून चालून गेली, तीही पावसात, गुडघाभर चिखलात. सुमारे २,७०० माणसं एका दिवसात पडली किंवा जखमी झाली. एप्रिलमध्ये हन्ना घेतलं तर तसाच दुसरा गळा सन्नैयातला, कूतपासून पंधराएक मैलांवर. तिथे ६, ९ आणि २२ एप्रिल असे तीन हल्ले झाले आणि तिन्ही फसले.

दलदलीची ती कड तुम्हाला ठळक रेघेसारखी दिसते ना? तशी रेघ जमिनीवर कुठेच नव्हती. उजनीच्या फुगवट्याचं पाणी उन्हाळ्यात मागे हटतं आणि मोकळ्या झालेल्या गाळपेर जमिनीवर लोक पिकं घेतात, तसा हा प्रकार, फक्त उलटा. तिकडे उत्तरेच्या डोंगरांवरचा बर्फ वितळून मार्च-एप्रिलला नदी फुगते, दलदल पसरते. वारा फिरला तर पाणी चक्क खंदकात शिरे. २२ एप्रिलला दोन ब्रिगेडनी हल्ला करायचा बेत होता, पण कोरडी जागाच एवढी कमी उरली की एकाच ब्रिगेडला पुढे जाता आलं. नकाशात ती पट्टी रुंद दिसत असेल तर तो नकाशा कोरड्या हंगामातला समजा.

आणि समोच्च रेषा नाहीत, हेच तर दुखणं. डोंगर नाही म्हणजे तोफखान्याला बघायला उंच जागा नाही. ऊन चढलं की मृगजळ. अशा मुलुखात फूट-दोन फुटांचा जुन्या कालव्याचा बांधसुद्धा किल्ला होतो. कोऱ्या कागदावर 'जुना कालवा' असं बारीक अक्षरात लिहिलेलं जिथे जिथे दिसेल, तिथे बोट ठेवा. बहुतेक लढाया तिथेच झालेल्या सापडतील.

रंगांचं म्हणाल तर सूची वाचल्याशिवाय रंगावर विश्वास ठेवू नका. तुमच्या नकाशात लाल इंग्रज आहेत. फ्रान्समधल्या ब्रिटिश खंदक-नकाशांत जर्मन लाल आणि ब्रिटिश निळे असत, आणि १९१८ मध्ये तेही उलटे केले.

काळा_कातळ:

प्लेनटेबल सर, तुमचं लिहिलेलं वाचायला मजा येते, पण सगळं पाण्यावर आणि नकाशावर ढकललं की जनरल लोक सुटतात. दुजैलाचं काय? तिथे ना दलदल होती ना चिंचोळी वाट. नदीच्या उजव्या काठाने रात्रभर चालत वीसेक हजारांची फौज ८ मार्च १९१६ च्या पहाटे तुर्कांच्या बगलेवर पोचली. समोर दुजैलाचा मोर्चा जवळजवळ रिकामा. आणि जनरल केम्बॉल थांबला! का, तर ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आधी तोफा डागायच्या होत्या म्हणून. तोवर तुर्कांनी पलीकडून माणसं आणून मोर्चा भरला. साडेतीन हजारांच्या आसपास हताहत. यात नकाशाचा काय दोष?

माझ्या मते कूत नकाशामुळे नाही, हेकटपणामुळे गेलं.

प्लेनटेबल_निवृत्त:

कातळराव, दुजैलावर माझं तुमच्याशी भांडण नाही. तिथे नकाशा बरोबर ठरला, माणसं चुकली. उलट मोजणीवाल्यांच्या दृष्टीने ती रात्र कौतुकाची आहे. झाड नाही, टेकडी नाही, दिवा लावायचा नाही, आणि एवढी मोठी फौज होकायंत्रावर अंधारातून नेमक्या जागी न्यायची. वाट दाखवणाऱ्यांत आमच्या खात्याचे केनेथ मेसन होते. हिमालयात भटकणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेल, पुढे हिमालयन जर्नलचे पहिले संपादक तेच.

पण ताईंच्या नकाशावर दुजैला कसा दिसतो बघा. एक बाण येतो, मोर्च्याला भिडतो, परत फिरतो. सकाळचे ते काही तास, ज्यात सगळं हातचं गेलं, ते बाणात कुठे आहेत? मोर्च्याची लाल-निळी खूण पहाटेही तेवढीच ठळक आणि दुपारीही तेवढीच. मोहिमेच्या नकाशाचा हा मोठा लबाडपणा आहे. जागा इंचाइंचाने दाखवतो, वेळ गिळून टाकतो. म्हणून मी नकाशाशेजारी नेहमी त्या दिवसाची युद्ध-दैनंदिनी ठेवून वाचतो, बाणावर पेन्सिलने तास लिहीत जातो.

शिवाय एक गोष्ट तुम्ही सोडलीत: पाणी. दलदल नव्हती हे खरं, पण प्यायलाही पाणी नव्हतं. नदीपासून दुजैला किती लांब आहे ते पट्टीने मोजा. ९ तारखेला फौज माघारी फिरली त्यात मोर्चा पडला नाही हे एक कारण, आणि माणसं-जनावरं तहानेने व्याकुळ झाली होती हे दुसरं. तुर्क विहिरी आणि नदी धरून बसलेले. म्हणजे हन्नाला पाणी जास्त झालं आणि दुजैलाला कमी पडलं.

केम्बॉलला मात्र मीही माफ करत नाही.

पंख_आणि_पाते:

विमानांच्या इतिहासाचा नाद आहे म्हणून एक भर घालतो. कूतच्या वेढ्याची सुरुवातच एका हरवलेल्या नकाशापाशी आहे.

नोव्हेंबर १९१५. टाउनशेंड बगदादच्या दिशेने निघालेला, समोर टेसिफोनला तुर्कांची फळी. लढाईच्या आदल्या दिवशी, २१ तारखेला, मेजर रायली नावाचा वैमानिक टेहळणीला गेला. आधीच्या फेऱ्यांपेक्षा तुर्कांची संख्या भलतीच वाढलेली त्याने वरून पाहिली आणि कागदावर खुणाही केल्या. परतीला इंजिनाला गोळी लागली, विमान उतरवावं लागलं, रायली पकडला गेला. टाउनशेंडला बातमी पोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी तो जुन्या माहितीवर चालून गेला आणि सुमारे ४,६०० माणसं गमावून कूतकडे मागे हटला.

खरी गंमत पुढे आहे. रायलीजवळ दियाला नदीपासून अझीझियापर्यंतच्या तैग्रिसचं एक लहानसं रेखाटन होतं. ते तुर्कांच्या हाती लागलं. त्यांच्याच एका अधिकाऱ्याने, मुहम्मद अमीनने, नंतर लिहिलं आहे की इराकच्या तुर्की मुख्यालयात तेव्हा धड नकाशा असा नव्हताच. त्यांनी शत्रूचं ते रेखाटन मोठं करून वापरलं. म्हणजे स्वतःच्या मुलुखाचा नकाशा त्यांना इंग्रजांच्या पडलेल्या विमानातून मिळाला!

प्लेनटेबल सरांच्या खात्याचीही एक हकिकत. कर्नल बीझली हे मोजणीचे अधिकारी युद्धाच्या शेवटी समाराच्या भागात विमानातून नकाशाचं काम करत होते. खाली त्यांना जुन्या शहराचा आराखडा दिसला: रस्ते, वाडे, कालवे. जमिनीवरून चालताना नुसती ढेकळं वाटायची. १९१९ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. हवाई छायाचित्रांतून पुरातत्त्व शोधण्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी ते एक मानलं जातं. खंदक शोधायला वर गेले आणि खलिफाची राजधानी सापडली.

खेडची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना चौकोन दाखवला. ते बराच वेळ भिंग घेऊन बघत होते, मग म्हणाले, "एवढ्याशा जागेत दोन पलटणी?" आता त्यांनीच नकाशा ताब्यात घेतलाय, मला हात लावू देत नाहीत.

समास वाचला. खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आहे की हा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीट्सवरून केला. दलदलीच्या कडेला मात्र काहीच तारीख नाही, नुसती तुटक रेघ आहे.

आणखी एक. शेख सादपासून नदीच्या खालच्या बाजूने आडव्या बारीक काट्यांची एक लांब रेघ जाते, रेल्वेसारखी. पण तिथे रेल्वे कुठली? आणि पणजोबा 'रसलेन' असं काहीतरी एक नाव घ्यायचे. ते या नकाशात कुठेच सापडत नाही.

प्लेनटेबल_निवृत्त:

तुटक रेघ म्हणजे आखणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलंय की कड पक्की नाही. शाबास त्याची.

रेल्वेच आहे. तुम्ही विचारलं होतंत ना, फौज चार महिने कशाने अडली; मग तेच नंतर कसं जमलं, त्याचं उत्तर बरंचसं त्या काट्यांच्या रेघेत आहे. १९१६ च्या सुरुवातीला सगळा दाणागोटा, दारूगोळा आणि जखमीसुद्धा नदीतूनच न्यावे लागत. बसरा ते बगदाद नदीने सुमारे पाचशे मैल, पाणी उथळ, चालतील अशा बोटी मोजक्या. शेख सादला माणसं पोचली तरी तोफा मागे, तोफा पोचल्या तर इस्पितळ मागे. कूत पडल्यावर त्या वर्षी शेख सादपासून उजव्या काठाने ही छोटी रेल्वे टाकली. ती रेघ तुमच्या नकाशात आहे म्हणजे नकाशावरची माहिती १९१६ च्या पावसाळ्यानंतरची, अर्थात आपल्या पावसाळ्यानंतरची. तिकडे तेव्हा नुसती आग. एल्मरच्या वेळी त्या रेघेच्या जागी कोरडी माती होती.

त्या रुळांच्या जोरावर जनरल मॉडने डिसेंबर १९१६ पासून उजव्या काठाने एकेक वळण घेत जायला सुरुवात केली. नकाशात नावं शोधा: खुदैरा, मग हाय नदीचं मुख, मग दहरा. सन्नैयातच्या गळ्यात डोकं घालण्यापेक्षा त्याने तुर्कांना दोन्ही टोकांना पातळ करून टाकलं, आणि २३ फेब्रुवारी १९१७ ला कूतच्या वरच्या अंगाला शुमरानच्या वळणात नदी ओलांडली. सन्नैयातही त्याच सुमारास सुटलं. ११ मार्चला बगदाद. तोच मुलूख, तीच दलदल. फरक बोटींचा, रुळांचा आणि हंगामाचा. कातळराव म्हणतील जनरलचा. म्हणू देत.

'रसलेन' बहुधा रास-अल-ऐन. ते तुमच्या शीटच्या बाहेर आहे, वायव्येला कितीतरी लांब, आज सीरियाच्या सीमेवर. कूत पडलं तेव्हा सुमारे तेरा हजार कैदी झाले. शिपायांना आधी शुमरानच्या छावणीत नेलं, मग बगदाद, बगदादहून समारापर्यंत आगगाडी आणि तिथून पुढे चालत. तिक्रित, मोसुल, आणि वाळवंटातून रास-अल-ऐन. तिथे बगदाद रेल्वेचं काम चालू होतं आणि हिंदुस्थानी कैद्यांना त्याच कामावर लावलं होतं. वाटेत आणि तिथे फार माणसं गेली.

हा टप्पा लढायांच्या नकाशात मिळत नाही, कारण तिथे लढाईच नव्हती. त्यासाठी दशलक्षाला एक प्रमाणाची शीट घ्या, म्हणजे मोसुल आणि रास-अल-ऐन एका नजरेत येतील. कतार डिजिटल लायब्ररीवर इंडिया ऑफिसचे जुने कागद आणि नकाशे फुकट बघता येतात. शोधताना इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेने घालून बघा, त्या काळी प्रत्येक कारकुनाचं स्पेलिंग वेगळं. समारापासून पुढे मोजायला लागा आणि पाण्याच्या जागा आधी रंगवा, मुक्काम कुठे पडले असतील ते त्यावरूनच कळतं. अडलात तर इथे लिहा.